कर्मवीर दादासाहेब गायकवाड : जीवन व कार्य

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण होत असताना निघणाऱ्या या स्मरणिकेत नाशिक जिल्ह्याच्या एका थोर सुपुत्राचे चरित्र असावे, असे सर्वानुमते ठरले. कर्मवीर भाऊराव कृष्णराव गायकवाड ऊर्फ दादासाहेब हे ते सुपुत्र होत. ज्यांनी पुढे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यांचे चरित्र मंदिराच्या स्मरणिकेत कसे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर त्यांच्या चरित्रातच आहे. देवाच्या दारात उभे राहण्याचा हक्क सर्वांना मिळावा म्हणून या जिल्ह्यात ज्यांनी पाच वर्षे कष्ट सोसले, त्यांची आठवण नवे मंदिर उभारताना झालीच पाहिजे.

बालपण व समाजकार्याचा आरंभ

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी महार कुटुंबात झाला. त्या काळी महारवाडा गावकुसाबाहेर, पाणवठा वेगळा आणि देवळाच्या पायरीलाही स्पर्श करण्याची बंदी, अशी खेडोपाडी स्थिती होती. गावकीची कामे मात्र रात्रंदिवस करावी लागत. सरकारी टपाल पोहोचविणे, आलेल्या अंमलदाराची सरबराई करणे, दवंडी देणे, मेलेली गुरे ओढणे हे सर्व वतनदार महाराच्या माथी असे आणि त्याचा मोबदला म्हणून तुटपुंजी इनाम जमीन व बलुते मिळे. हे सर्व दादासाहेबांनी लहानपणापासून पाहिले होते.

मोठमोठ्या पदव्या त्यांच्याजवळ नव्हत्या. परंतु माणसे जोडण्याची हातोटी, खेड्याची खडान्‌खडा माहिती आणि अंगी घेतलेले काम तडीस नेण्याची चिकाटी हे गुण त्यांच्या ठायी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत ते ऐन तारुण्यात सामील झाले आणि थोड्याच काळात बाबासाहेबांचे अत्यंत विश्वासू सहकारी बनले. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली असंख्य पत्रे पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आहेत. त्यांवरून नाशिकच्या कामाची केवढी भिस्त त्यांच्यावर होती, हे कळून येते.

काळाराम मंदिर सत्याग्रह

पंचवटीतील काळाराम मंदिर हे उभ्या महाराष्ट्राचे श्रद्धास्थान. या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह समिती स्थापन झाली व तिचे चिटणीस म्हणून दादासाहेबांनी काम पाहिले. २ मार्च १९३० रोजी नाशिक येथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. त्यानंतर सुमारे पंधरा हजार लोकांची मिरवणूक शिस्तीने मंदिराकडे निघाली. मंदिराचे दरवाजे बंद असल्याने ती गोदावरीच्या घाटाकडे वळली व तेथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, १२५ पुरुष व २५ स्त्रिया अशी पहिली तुकडी मंदिराच्या चारही दरवाजांशी बसली. महात्मा गांधींची दांडीयात्रा निघण्यास तेव्हा अजून नऊ दिवस अवकाश होता.

चैत्रातील रथोत्सवाच्या वेळी रथ ओढण्यावरून तंटा झाला आणि सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला. स्वतः बाबासाहेबांनाही मार लागला. पुढे बाबासाहेबांना गोलमेज परिषदेसाठी विलायतेस जावे लागले. तेव्हा गावोगावचे सत्याग्रही आणणे, त्यांच्या जेवणाखाण्याची व राहण्याची सोय लावणे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरची विचारपूस करणे आणि मुख्य म्हणजे लोकांचा संयम सुटू न देणे, हा सारा भार दादासाहेबांवर पडला. अमृतराव रणखांबे यांच्यासारखे सहकारी त्यांच्या जोडीला होते. दादासाहेबांना तुरुंगवासही घडला. सत्याग्रहींची झळ खेड्यातील त्यांच्या जातभाईंनाही लागे. कोणाचे बलुते बंद होई, कोणाला मजुरी मिळेनाशी होई. तरीही सत्याग्रह चालूच राहिला.

मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून आपली शक्ती आता शिक्षणाकडे व राजकारणाकडे वळवावी, असा विचार कळविला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यात, येवले येथे, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली व मंदिर प्रवेशाचा लढा थांबला. दरवाजे उघडले नाहीत ते नाहीतच. पुढे मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरच्या मंदिरासाठी उपोषण केले, त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिर प्रवेशाचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यताच नष्ट केली. ज्यांनी दारात बसून मार खाल्ला, त्यांच्यापैकी पुष्कळांना तोवर त्या दाराची ओढ उरली नव्हती. ही गोष्ट आपण सर्वांनी अंतर्मुख होऊन ध्यानात घ्यावी अशी आहे.

कायदेमंडळात

१९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे दादासाहेब नाशिक पश्चिम मतदारसंघातून मुंबई विधानसभेवर निवडून आले. १७५ सभासदांच्या त्या सभेत बाबासाहेब व त्यांचे मोजके सहकारी खोती पद्धती, महार वतन, शेतकऱ्यांचा कर्जबाजारीपणा व कामगारांचे हक्क यांवर सरकारला जाब विचारीत. महार वतनाचा प्रश्न दादासाहेबांच्या विशेष जिव्हाळ्याचा होता. थोडी जमीन देऊन माणसाला पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेणारी ही पद्धती नष्ट व्हावी आणि जमीन मात्र कसणाऱ्याकडे राहावी, अशी या चळवळीची मागणी होती. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा अखेर १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धर्मांतराच्या कार्यात दादासाहेब बाबासाहेबांबरोबर होते. त्यानंतर दोनच महिने होण्याच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे निधन झाले. समाज पोरका झाला. अशा वेळी १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नाशिकच्या मतदारांनी दादासाहेबांना लोकसभेवर पाठविले. मराठा, माळी, कोळी, महार अशा साऱ्या जातींची मते एकाच पेटीत पडत होती. ज्या शहरात सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांना मंदिराच्या दाराशी अडविले होते, त्याच शहराचे ते आता दिल्लीत प्रतिनिधी झाले. १९६२ ते १९६८ या काळात ते राज्यसभेचे सभासद होते.

भूमिहीनांचा लढा

३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. पक्षात लवकरच दोन तट पडले. शिकलेल्या पुढाऱ्यांच्या एका गटाला दादासाहेबांचा जमिनीवरील भर पसंत नव्हता व त्यांच्या धोतराचीही थट्टा होई. दादासाहेबांचे म्हणणे सरळ होते. शाळा, नोकरी व राखीव जागा शहरातील थोड्यांच्या वाट्याला येतात. खेड्यात राहणाऱ्या बहुसंख्य समाजाला पोटासाठी गावच्याच शेतमालकाच्या दारी जावे लागते आणि जोवर हे आहे, तोवर मताचा हक्कही तो मोकळेपणी बजावू शकत नाही. म्हणून पडीक, गायरान व जंगलखात्याकडील लागवडीजोगी सरकारी जमीन भूमिहीनांना मिळाली पाहिजे.

याच मागणीसाठी १९५९ मध्ये नाशिक, खानदेश व मराठवाडा भागात मोठा सत्याग्रह झाला. त्यात केवळ बौद्धच नव्हते, इतर जातींचे भूमिहीनही होते. पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रही तुकड्या-तुकड्यांनी कचेऱ्यांवर जात व अटक करून घेत. तुरुंग अपुरे पडले. तुरुंगात गेलेल्यांची संख्या तीन लाखांवर गेल्याचे चळवळीतर्फे सांगण्यात आले. बायाबापड्या कडेवर मुले घेऊन तुरुंगात गेल्या. पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांच्या सरकारने मागण्यांचा विचार करण्याचे मान्य केल्यावर १९६५ मध्ये हा सत्याग्रह थांबला.

मागण्यांत जमिनीबरोबरच इतर गोष्टीही होत्या. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे आणि धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाव्यात, या त्यांतील दोन. संसदेच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा १९६७ मध्ये उभा राहिला व तो दिवस दादासाहेबांना पाहावयास मिळाला. तैलचित्र व केंद्राच्या सवलती या दोन्ही गोष्टींना मात्र १९९० साल उजाडले.

जमिनीचा हा आग्रह का, हे गोदाकाठच्या माणसास वेगळे सांगावयास नको. दुतोंड्या मारुतीला पाणी कोठवर लागले, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. १९६९ चा महापूर वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकला आहे. २००८, २०१६ व २०१९ चे पूर तर आपण डोळ्यांनी पाहिले. पूर ओसरला की तलाठी पंचनामे करतात. पिकाची भरपाई सातबाऱ्यावर ज्याचे नाव असेल, त्याला मिळते. ज्याचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नाही, त्याची बुडालेली मजुरी कोणत्याही यादीत येत नाही. अवर्षणातही तोच न्याय. अस्मानी संकट सर्वांवर सारखेच येते, पण मदत मिळते ती कागद पाहून. भूमिहीनाचे नाव कागदावर चढविण्यासाठी दादासाहेबांनी आपली उभी हयात झिजविली, त्याचे मर्म येथे आहे.

त्यांचे सर्वच निर्णय सर्वांना पटले असे नाही. अखेरच्या काळात त्यांनी काँग्रेसशी केलेल्या समझोत्यावर त्यांच्याच अनुयायांनी कडक टीका केली. सत्याग्रहातून अपेक्षेइतकी जमीन पदरात पडली नाही, हेही खरे. तथापि भूमिहीनांचा प्रश्न त्यांनी देशापुढे मांडला, हे त्यांचे विरोधकही नाकारणार नाहीत.

अखेर व स्मृती

१९६८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. २००२ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांचे टपाल तिकीट निघाले. २००४ पासून महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने सबलीकरण व स्वाभिमान योजना सुरू केली असून, तीत अनुसूचित जाती व नवबौद्धांतील भूमिहीन कुटुंबांस चार एकर जिरायत अथवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. विकत घेण्याजोगी जमीन मिळणे हीच तिच्यातील मोठी अडचण. आपल्या गावातील पात्र कुटुंबांनी समाजकल्याण कार्यालयात अवश्य चौकशी करावी.

ग्रामस्थ बंधुभगिनींनो, आपण लोकवर्गणीतून नवे मंदिर उभारले. वर्गणी प्रत्येक आळीतून आली आणि श्रमदानाला सर्व वस्त्यांतील माणसे आली. कलशारोहणाच्या पंगतीत व पुढे दरवर्षीच्या यात्रेच्या मानपानातही हीच एकी राहावी. दादासाहेबांना जे दार पाच वर्षे बंद राहिले, तसे कोणतेही दार आपल्या गावात कोणालाही बंद राहू नये, एवढी दक्षता आपण सर्वांनी मिळून घेऊ या.

कर्मवीर दादासाहेबांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.