रुडॉल्फ डिझेल : एक माणूस, एक इंजिन आणि त्याची काजळी



‘डिझेल’ हा शब्द आपण रोज ऐकतो. पंपावर, एसटीच्या डेपोत, शेतातल्या ट्रॅक्टरपाशी. पण डिझेल हे एका माणसाचं आडनाव आहे, हे वर्गात सांगून बघा. पाचवी-सहावीची मुलं हमखास चकित होतात. वॅट, व्होल्ट, अँपिअर ही नावं निदान पुस्तकात भेटतात, डिझेल मात्र टाकीतच राहतो. म्हणून आज त्यांची गोष्ट. आणि हल्ली पालक गाडीबद्दल जो प्रश्न हमखास विचारतात, ‘तो डीपीएफचा दिवा सारखा का लागतो?’, त्याचं उत्तरही याच गोष्टीत आहे.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मात्र जर्मन, बव्हेरियातले. वडील कातडी वस्तू बनवायचे आणि छोटा रुडॉल्फ त्या वस्तू गाडीवर घालून गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचा. वेळ मिळाला की तो तिथल्या यंत्रांच्या संग्रहालयात जाऊन बसे. तिथे क्यून्योची जुनी वाफेची गाडी ठेवलेली होती. अभ्यासातही हुशार, बाराव्या वर्षी त्याला शाळेत कांस्यपदक मिळालं. पण त्याच वर्षी, १८७० मध्ये, फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. पॅरिसमधल्या जर्मनांना शहर सोडावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं, हाल झाले, आणि बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच जर्मनीत आउग्सबुर्गला काका-काकूंकडे पाठवलं. काका गणिताचे शिक्षक होते. (आपल्या पेशाचं नाव इथे आलं की बरं वाटतं, नाही का!) दोनच वर्षांत या मुलाने आईवडिलांना पत्राने कळवलं की मला इंजिनिअर व्हायचंय.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला. तिथे कार्ल फॉन लिंड हे प्राध्यापक होते, थंडावा निर्माण करणाऱ्या यंत्रांचे मोठे जाणकार. वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा भाग कामाला लावतं आणि बाकीची वाया जाते, हे त्यांनी वर्गात शिकवलं. रुडॉल्फच्या डोक्यात ते जे बसलं ते कायमचं. एवढी नासाडी का व्हावी? १८७९ मध्ये टायफॉइडमुळे परीक्षा हुकली, ती जानेवारी १८८० मध्ये दिली आणि उत्तम गुणांनी पास झाला. मग लिंड यांच्याच बर्फाच्या कारखान्याच्या कामासाठी पुन्हा पॅरिस. १८८३ मध्ये मार्था फ्लाश यांच्याशी लग्न झालं, पुढे तीन मुलं झाली.

पोटासाठी बर्फ आणि डोक्यात इंजिन, असं त्यांचं दहा वर्षं चाललं. आधी अमोनियाच्या वाफेवर चालणारं इंजिन करून पाहिलं. त्याचा स्फोट झाला आणि ते महिनोन्महिने इस्पितळात होते. मग विचार बदलला.

तो विचार मुलांना समजवायचा असेल तर सायकलचा पंप घ्या. पुढचं तोंड बोटाने दाबून धरा आणि पंधरा-वीस वेळा जोरात दांडा मारा. पंपाचं टोक गरम लागतं. हवा दाबली की तापते. डिझेल यांनी ठरवलं की सिलेंडरमध्ये नुसती हवाच घ्यायची, ती इतकी दाबायची की लालबुंद लोखंडासारखी तापेल, आणि मग त्यात इंधनाचा फवारा सोडायचा. ठिणगी लागणारच नाही, इंधन आपोआप पेट घेईल. १८९२ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. पुढच्या वर्षी पेटंट मिळालं आणि त्यांचं पुस्तकही आलं.

कागदावर सोपं दिसणारं हे काम आउग्सबुर्गच्या कारखान्यात चार वर्षं चाललं. ऑगस्ट १८९३ च्या पहिल्याच चाचणीत दाब मोजायचं उपकरण फुटून तुकडे उडाले. १७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या बळावर चाललं. किती? एक मिनिट, ८८ फेरे. आणि बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ ला, प्राध्यापक श्र्योटर यांनी सगळ्यांसमोर मोजमाप केलं. इंधनातली २६.२ टक्के उष्णता कामी येत होती. वाफेच्या इंजिनापेक्षा कितीतरी पट चांगलं! गंमत म्हणजे हे पहिलं डिझेल इंजिन चाललं ते दिव्यात जाळायच्या रॉकेलवर.

आता इथे गोष्ट जरा थांबवू आणि शंभर वर्षं पुढे जाऊ. कारण डिझेल इंजिनाचा जो गुण आहे, त्यातच त्याचा दोष लपलेला आहे.

पेट्रोल इंजिनात इंधन आणि हवा बहुधा आधीच नीट मिसळलेली असते. डिझेलमध्ये तापलेल्या हवेत ऐनवेळी फवारा सोडतात. थेंबांच्या कडा जळतात, पण फवाऱ्याच्या दाट भागात प्राणवायू पुरत नाही. चुलीत एकदम जास्त लाकडं कोंबली की भांड्याला काजळी धरते ना, तसंच. ही काजळी इतकी बारीक की श्वासाबरोबर थेट फुप्फुसात खोल जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा म्हणून जाहीर केला.

अमेरिकेत शेतकरी, बांधकामवाले, ट्रेलर ओढणारे लोक मोठमोठे डिझेल पिकअप वापरतात. तिथे २००७ पासून नवे कडक नियम लागू झाले आणि या पिकअपच्या धुराड्यात काजळीची गाळणी, म्हणजे डीपीएफ, आली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांत तीच गाळणी बसू लागली. ही गाळणी मधमाशांच्या पोळ्यासारखी, चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाची. तिच्या नळ्या आलटून पालटून एका टोकाला बुजवलेल्या. त्यामुळे धूर भिंतीतूनच पार व्हावा लागतो आणि काजळी मागे राहते.

पण चहाची गाळणी भरली की आपण झटकतो. ही कोण झटकणार? ती स्वतःतली काजळी जाळून टाकते. पिकअप माल भरून हायवेवर लांब पळत असेल तर धूर मुळातच तापलेला असतो आणि काजळी हळूहळू आपसूक जळत राहते. गाडी गावातल्या गावात, दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारत असेल तर तेवढी उष्णता कधी येतच नाही. मग गाडीतला कॉम्प्युटर गाळणीच्या आधीचा आणि नंतरचा दाब बघतो, अंतर मोजतो, आणि थोडं जास्तीचं इंधन सोडून गाळणी सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो. हे काम साधारण पंधरा मिनिटं ते अर्धा तास चालतं.

किती वेळा? याचं एकच उत्तर नाही, आणि गोंधळ होतो तो इथेच. लांब पल्ल्याच्या पिकअपला सात-आठशे किलोमीटर किंवा त्याहूनही जास्त अंतर चालतं. गल्लीबोळात फिरणाऱ्या, उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवणाऱ्या त्याच पिकअपला दोन-तीनशे किलोमीटरवरच वेळ येते. शिवाय अर्ध्यात गाडी बंद केली तर काजळी तशीच राहते, पुढची सफाई लवकर येते, आणि जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ होतं. म्हणून दिवा लागला की वीस-पंचवीस मिनिटं सलग, चांगल्या वेगात गाडी पळवावी आणि तेव्हा वाळक्या गवतावर उभी करू नये. ऑइलमधल्या द्रव्यांची राख मात्र जळत नाही. ती साठत जाते आणि काही लाख किलोमीटरच्या आत गाळणी उतरवून साफ करावी लागते.

या कटकटीला कंटाळून काही लोक गाळणीच काढून टाकतात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२० मध्ये अंदाज दिला होता की आधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपमध्ये अशी छेडछाड झाली. तिथे हे बेकायदा आहे. माझं मत विचाराल तर, शाळेच्या फाटकासमोर धूर सोडत उभ्या असलेल्या गाडीमागे मुलं कुठल्या उंचीवर श्वास घेतात, ते एकदा वाकून बघावं.

परत १८९७ ला येऊ. डिझेल यांचं स्वप्न वेगळंच होतं. मोठ्या कारखान्यांपुढे हरणाऱ्या विणकराला, छोट्या कारागिराला परवडेल असं लहान इंजिन त्यांना द्यायचं होतं. झालं उलटं. त्या काळी इंधन आत सोडायला दाबलेली हवा लागायची, तिचा अवजड कॉम्प्रेसर लागायचा, म्हणून इंजिनं अवाढव्यच राहिली. ती कारखान्यांत गेली, मग जहाजांत. ट्रकमध्ये मावेल असं डिझेल इंजिन सर्रास झालं ते बॉश यांचा इंधनपंप १९२७ मध्ये बाजारात आल्यावर. ते पाहायला डिझेल नव्हते.

परवाने विकून ते श्रीमंत झाले, म्युनिकमध्ये मोठा बंगला बांधला. पण पेटंटचे खटले, सुरुवातीच्या इंजिनांच्या तक्रारी, डोकेदुखी, मनाचा थकवा यांनी त्यांना पोखरलं. विश्रांतीसाठी आरोग्यधामात राहावं लागलं. त्यात जमिनीच्या आणि तेलाच्या व्यवहारात पैसा बुडाला. बाहेरून सगळं झकपक, आत कर्ज, आणि घरच्यांनाही पूर्ण कल्पना नाही.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी ते अँटवर्पहून ‘ड्रेस्डेन’ बोटीने इंग्लंडला निघाले. रात्री सोबत्यांबरोबर जेवले, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून खोलीत गेले. सकाळी खोली रिकामी. बिछाना वापरलेलाच नव्हता. टोपी आणि ओव्हरकोट डेकवर कठड्याजवळ सापडले. डायरीत त्या तारखेसमोर एक फुली होती. निघण्यापूर्वी त्यांनी पत्नीकडे एक बॅग दिली होती आणि आठवडाभर उघडू नकोस म्हणून सांगितलं होतं. आत दोन लाख मार्क रोख होते आणि बँकखाती जवळजवळ रिकामी झाल्याचे कागद. आत्महत्या, अपघात की घातपात, यावर आजही लोक वाद घालतात.

दहाएक दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. अवस्था इतकी वाईट होती की खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्यात सोडला. गोळ्यांची डबी, पाकीट, छोटा चाकू, चष्म्याचं घर. धाकटा मुलगा ऑयगेन याने त्या पाहिल्या आणि वडिलांच्याच आहेत म्हणून सांगितलं.