नव्याला जुनेपण देणारे जॉन ॲलन

खेळण्यातली आगगाडी कोरी करकरीत दिसावी, अशी आपली समजूत असते. अमेरिकेचे जॉन ॲलन यांनी ती मोडून काढली. त्यांचा जन्म १९१३ साली मिसुरी राज्यातील जॉप्लिन येथे झाला. पेशा छायाचित्रणाचा. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे घराच्या तळघरात त्यांनी खरीच्या सुमारे ८७ पट लहान रेल्वे उभारली. रूळ हाताने बसविले. मग रंग देऊन रूळ, डबे, इमारती यांवर गंज, धूळ, काजळी चढविली. झिजलेली वस्तूच खरी वाटते, ही त्यांची दृष्टी. ६ जानेवारी १९७३ रोजी ते वारले आणि दहा दिवसांनी आगीत बहुतेक सारे भस्म झाले. उरली त्यांनी काढलेली छायाचित्रे. हौशी मंडळी आजही ती समोर ठेवतात. जुनेपण हुबेहूब उतरविले, पण त्या रेल्वेला खरोखर जुने होणे लाभले नाही, याची आम्हांस हळहळ वाटते.