मातीतून गादीवर : खाशाबा जाधव

कुस्ती हा शब्द तुम्हांला नवा नाही. पैलवान हाही नाही. हे दोन्ही शब्द फारसीतून आले आणि उर्दूप्रमाणेच मराठीतही घरचे होऊन बसले. उर्दूतील उस्तादाला मराठी आखाड्यात वस्ताद म्हणतात, एवढाच काय तो फरक. अशाच एका आखाड्यात, तांबड्या मातीत वाढलेल्या मल्लाने स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. त्यांचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर या गावी झाला. हे लहानसे गाव कराडजवळ आहे. वडील दादासाहेब हे स्वतः नावाजलेले पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. मूल चालू-बोलू लागले, की त्याला लंगोट बांधून आखाड्यात न्यायचे, ही त्या घरची रीतच होती. वयाच्या पाचव्या वर्षी खाशाबांच्या अंगाला तांबडी माती लागली. पहाटे जोर-बैठका काढायच्या, आखाड्याची माती खणून मऊ करायची, मग जोडीदाराबरोबर लढत करायची आणि त्यानंतर शाळा गाठायची, असा त्यांचा क्रम असे. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. १९४२ मध्ये 'छोडो भारत' आंदोलन सुरू झाले, तेव्हा ते अवघे सोळा वर्षांचे होते. इंग्रज सरकारच्या पोलिसांपासून लपणाऱ्या क्रांतिकारकांना आसरा देण्याच्या कामात त्यांनीही भाग घेतला.

खाशाबा अंगापिंडाने धिप्पाड नव्हते. उंची बेताची, शरीर हलके. त्यांना एखाद्या गर्दीत उभे केले असते, तर हा पैलवान आहे, असे कोणी चटकन ओळखले नसते. पण त्यांची चपळाई विलक्षण होती. समोरच्याने हात पुढे करावा आणि तोवर खाशाबांनी डाव टाकलेला असावा, असे होई. ढाक हा त्यांचा आवडता डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत पकडून, त्याला आपल्या अंगावरून फिरवून पाठीवर आपटायचे, असा तो डाव आहे. त्यात बळापेक्षा वेळ साधणे महत्त्वाचे असते.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राजाराम महाविद्यालयात आले. कोल्हापूर ही कुस्तीची पंढरीच. राजर्षी शाहू महाराजांनी तेथे दूरदूरच्या मल्लांना आश्रय दिला होता. पंजाबचे मोठमोठे मुसलमान पैलवान तेथे येऊन राहत, लढत आणि शिष्य तयार करत. महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये खुले झाले. हजारो माणसे चारी बाजूंनी बसून कुस्ती पाहू शकतील, अशी त्याची रचना आहे. खाशाबा जन्मले, तेव्हा शाहू महाराजांना जाऊन जवळजवळ चार वर्षे झाली होती. पण त्यांनी लावलेले झाड बहरलेले होते. शिकत असतानाच खाशाबांनी अनेक मैदाने जिंकली.

१९४८ मध्ये लंडनला ऑलिंपिक सामने होते. स्वतंत्र भारताचा संघ त्यात प्रथमच उतरणार होता. खाशाबांची निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लंडनला पोहोचल्यावर मात्र खाशाबांपुढे एक नवीच अडचण उभी राहिली. तेथे माती नव्हती, गादी होती.

हा फरक वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. तो तसा नाही. मातीत पाय रुततो, पकड घट्ट बसते, कुस्ती सावकाश रंगते. गादीवर पाय झरझर फिरवावे लागतात. मातीत जोडीदार चीत झाला, म्हणजे त्याची पाठ जमिनीला लागली, की कुस्ती निकाली. गादीवर तसे होतेच असे नाही. तेथे ठरावीक वेळ असते, प्रत्येक पकडीला गुण असतात आणि पाठ न लागताही माणूस हरू शकतो. लहानपणापासून एका नियमाने खेळलेल्या माणसाला ऐन परीक्षेच्या वेळी दुसरे नियम शिकावे लागले. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना तेथे मार्गदर्शन केले. एवढ्या अपुऱ्या तयारीवर खाशाबा आपल्या वजनगटात सहावे आले. त्या काळच्या मानाने ही मोठीच गोष्ट होती. खाशाबांचे मात्र समाधान झाले नाही. पुढची चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली आणि वजन वाढवून ते ५७ किलोच्या गटात आले.

१९५२ चे ऑलिंपिक फिनलंड देशातील हेलसिंकी येथे होते. या वेळी अडचणी घरापासूनच सुरू झाल्या. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत निकाल खाशाबांच्या विरुद्ध गेला, तोही केवळ एका गुणाने. आपल्यावर अन्याय झाला, असे त्यांना वाटले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांना कुस्तीचे वेड होते. त्यांनी पुन्हा चाचणी घ्यायला लावली. त्या चाचणीत खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत करून आपली जागा मिळवली.

निवड झाली, पण पैसा कोठून आणायचा? मुंबई राज्याच्या सरकारकडे मागितलेली मदत वेळेवर मिळाली नाही. मग गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली. ज्यांच्या घरी दोन वेळच्या भाकरीची विवंचना होती, अशांनीही आपला वाटा दिला. तरीही रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. विद्यार्थ्याने पदक आणले नसते, तर प्राचार्यांच्या घराचे काय झाले असते, हा प्रश्न खाशाबांच्या मनात आल्यावाचून राहिला नसेल.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना हरवले. शेवटी त्यांच्या गटात तिघे उरले : जपानचे शोहाची इशी, सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव्ह आणि खाशाबा. एक कुस्ती पंधरा मिनिटांपर्यंत लांबली. खाशाबा घामाने निथळत होते. श्वास अजून खाली बसला नव्हता, तोच त्यांना पुन्हा गादीवर बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण तो नियम पंचांना दाखवून देणारा भारताचा एकही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. खाशाबांना तसेच उतरावे लागले. दोन्ही कुस्त्या ते हरले. इशी यांना सुवर्ण, मम्मदबेयोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. तो दिवस २३ जुलै १९५२ चा होता. एक मनुष्य जवळ असता, तर पदकाचा रंग कदाचित वेगळा असता, असे कुस्तीची जाण असलेले लोक अजूनही हळहळून म्हणतात.

यापूर्वी १९०० मध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड यांनी पॅरिसला धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदके मिळवली होती. पण तो इंग्रजी अमलाचा काळ होता. स्वतंत्र भारताच्या नावावर एकट्याच्या बळावर पदक मिळवणारे पहिले खेळाडू खाशाबाच. दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारताच्या हॉकी संघाने नेदरलँड्सला ६-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. त्या जल्लोषात कुस्तीचे कांस्य काहीसे झाकोळले गेले, हेही खरे.

कराडकर मात्र विसरले नव्हते. खाशाबा परत आले, तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्या सजवून लोक त्यांना घ्यायला आले होते. ढोल, लेझीम, गुलाल यांनी वाट भरून गेली. कराडच्या स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंतची थोडीशी वाट, पण ती चालायला मिरवणुकीला कित्येक तास लागले.

मिरवणूक संपली आणि खाशाबांनी पहिले काम कोणते केले असेल? त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले. तेथे ते स्वतः लढले आणि जिंकले. त्यातून जमलेल्या पैशांतून त्यांनी प्राचार्य खर्डेकरांचे कर्ज फेडले. गहाण पडलेले घर सुटले. मला तरी ही कुस्ती हेलसिंकीच्या कुस्तीहून कमी वाटत नाही.

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात फौजदार म्हणून रुजू झाले. तेथेही त्यांनी पोलिसांच्या क्रीडास्पर्धा गाजवल्या आणि तरुण पोलिसांना कुस्तीचे धडे दिले. सुमारे सत्तावीस वर्षे नोकरी करून साहाय्यक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. पण निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. क्रीडासंस्थांनी त्यांची फारशी विचारपूस केली नाही. १४ ऑगस्ट १९८४ रोजी मोटारसायकलच्या अपघातात त्यांचे निधन झाले.

मानसन्मान आले, ते त्यांच्या मागे. १९९६ मध्ये अटलांटाला टेनिसपटू लिएंडर पेस यांनी कांस्यपदक जिंकले, तेव्हा चव्वेचाळीस वर्षांपूर्वी असे पदक कोणी आणले होते, याची वर्तमानपत्रांना आठवण झाली. २००० मध्ये खाशाबांना मरणोत्तर अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. २०१० च्या राष्ट्रकुल सामन्यांतील कुस्त्या दिल्लीच्या ज्या सभागृहात झाल्या, त्याला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्र शासनाने राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केला. महाराष्ट्राला मात्र दुसऱ्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी बहात्तर वर्षे थांबावे लागले. २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनी ते मिळवले. तेही कांस्यच होते आणि ते मिळवणारा तरुण कोल्हापूर जिल्ह्यातील होता. त्याच पॅरिसमध्ये भारताच्या अमन सेहरावत यांनी कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. त्यांचा वजनगट होता ५७ किलो.