पाच डॉलरची गोधडी

आमच्या घरी आजीने शिवलेल्या तीन गोधड्या होत्या. आता एकच उरली आहे. दुसरी माळ्यावर उंदरांनी कुरतडली आणि तिसरी आईने बोहारणीला देऊन तिच्यावर स्टीलचे एक पातेले घेतले. पातेले अजून वापरात आहे. त्यात दूध तापते. त्या गोधडीची आठवण मला कधी होत नसे. झाली ती गेल्या वर्षी, आणि तीही एका परक्या मुलखातल्या बाईमुळे.

झाले असे, की स्नेहसंमेलनातल्या हस्तकला-प्रदर्शनासाठी मला काहीतरी शिवायचे होते. सुई हातात, कापड पुढ्यात आणि डोके रिकामे! नमुना आणायचा कुठून? मासिकांतली कात्रणे चाळली, भरतकामाची पुस्तके पालथी घातली, शेजारच्या वहिनींचा टेबलक्लॉथ न्याहाळून पाहिला. जिकडेतिकडे तीच गुलाबाची फुले, तेच मोर, तीच झोपडी आणि तिच्यामागचा तोच अर्धा सूर्य! शेवटी ग्रंथालयात एका जाडजूड सचित्र पुस्तकात एका गोधडीचे चित्र दिसले आणि मी पान उलटायचे विसरले. त्या गोधडीवर माणसे होती, चांदण्या होत्या, उंट आणि हत्ती होते. कापडाचे आकार कातरून ते दुसऱ्या कापडावर शिवलेले. शिवणाच्या वर्गात ज्याला ॲप्लिक म्हणतात तोच हा प्रकार. पण या चित्रांतली माणसे कुठल्याही पुस्तकातल्यासारखी नव्हती. ती एका बाईच्या डोक्यातून थेट कापडावर उतरली होती. त्या बाईचे नाव हॅरिएट पॉवर्स.

हॅरिएटचा जन्म २९ ऑक्टोबर १८३७ चा, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातला. जवळचे मोठे गाव अथेन्स. ग्रीसमधले ते प्रसिद्ध अथेन्स नव्हे. त्याचे नाव उसने घेतलेले हे एक कापसाच्या मुलखातले गाव. आपल्याकडे विदर्भात जसे कापसावर सारे चालते, तसेच तिथे चाले. फरक इतकाच, की तिथे कापूस वेचणारे हात विकत घेतलेले असत. हॅरिएट जन्मली तीच गुलाम म्हणून. स्वतःचे अंगसुद्धा स्वतःच्या मालकीचे नाही, अशा स्थितीत तिची पहिली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे गेली. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा जॉर्जियात १८२९ च्या कायद्याने गुन्हा होता. तरी ती वाचायला शिकली. गोऱ्या मुलांच्या मदतीने आपण अक्षरे शिकलो, असे तिने पुढे एका पत्रात नमूद करून ठेवले आहे.

१८५५ मध्ये तिचे आर्मस्टेड पॉवर्स याच्याशी लग्न झाले. यादवी युद्ध संपले, १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने गेली, आणि हे जोडपे मोकळे झाले; म्हणजे काय झाले? शेतावर राबणे होतेच, फक्त आता राबायचे ते स्वतःच्या पोटासाठी. हॅरिएटला नऊ मुले झाली. १९०० च्या शिरगणतीच्या वेळी त्यांतली तीनच हयात होती. १८८० नंतरच्या वर्षांत या दोघांनी चार एकर जमीन स्वतःच्या नावावर केली. चार एकर ही आपल्या शेतकऱ्यालाही फार मोठी गोष्ट वाटणार नाही. पण ज्यांना वीस वर्षांपूर्वी जमिनीसकट विकता येत होते, त्यांच्या दृष्टीने ती केवढी असेल!

याच बऱ्या दिवसांत तिने ती गोधडी शिवली. १८८६ मध्ये अथेन्सला कापसाची जत्रा भरली होती. तिथे हॅरिएटने आपली गोधडी मांडली. त्याच गावातल्या लुसी कॉब इन्स्टिट्यूट या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणारी जेनी स्मिथ ही गोरी शिक्षिका जत्रेत हिंडत होती. तिची नजर गोधडीवर पडली आणि तिने शोध घेत घेत हॅरिएटचे घर गाठले. गोधडी विकत मागितली. हॅरिएटने साफ नकार दिला. कोणत्याही किमतीला ती विकायची नव्हती.

पुढे दिवस फिरले. शेतीची ओढाताण सुरू झाली. चार वर्षे लोटल्यावर हॅरिएटने गोधडी विकायची आहे असा निरोप पाठवला, तेव्हा नेमके स्मिथजवळ पैसे नव्हते. मग वर्षभराने स्मिथनेच उलट निरोप धाडला. तेव्हा हॅरिएट बैलगाडीत बसून आली. मांडीवर ते मोलाचे गाठोडे. गोधडी आधी पिठाच्या स्वच्छ पिशवीत गुंडाळलेली आणि वरून गोणपाट. तिने दहा डॉलर मागितले. स्मिथने पाचच देता येतील असे सांगितले. हॅरिएट बाहेर गाडीपाशी जाऊन नवऱ्याशी बोलली. काळ कठीण आहे, तेव्हा आले ते घ्यावे, असे त्याचे मत पडले. पाच डॉलरला गोधडी गेली.

पण ती नुसती ठेवून निघून गेली नाही. तिने गोधडी पसरली आणि एकेका चौकोनावर बोट ठेवून त्यात काय आहे ते स्मिथला समजावून दिले. स्मिथने ते लिहून घेतले, म्हणून आज आपल्याला ते कळते. पुढेही हॅरिएट आपल्या गोधडीला भेटायला अनेकदा त्या घरी गेली. सासरी दिलेल्या लेकीला आई भेटायला जाते ना, तशी! स्मिथने आपल्याकडच्या शिवणातल्या चिंध्या तिच्यासाठी राखून ठेवायचे कबूल केले, तेव्हा कुठे तिला थोडे समाधान वाटले. हे वाचताना मला पहिल्यांदा स्मिथचा राग आला. पाच डॉलर आणि वर चिंध्या! पण मग वाटले, चिंध्यांची किंमत शिवणारीलाच ठाऊक. आमची आजीही कुणाच्या घरी कापड फाडलेले दिसले की उरलेला तुकडा मागून आणायची आणि पदराखाली लपवून आणल्यासारखी घरात शिरायची.

आता ती गोधडी कशी आहे ते सांगते. साधारण सव्वासहा फूट बाय साडेसात फूट. हाताने आणि यंत्रावर, अशी दोन्ही तऱ्हेची शिलाई तिच्यात आहे. अकरा चौकोन, आणि त्यांत बायबलमधल्या कथा: आदम आणि ईव्ह, केनने केलेला भावाचा खून, याकोबाला स्वप्नात दिसलेली स्वर्गाची शिडी, येशूचा बाप्तिस्मा आणि क्रूसावरचे मरण, शेवटचे भोजन. पण कथा ऐकलेल्या असल्या तरी त्या मांडण्याची तऱ्हा सर्वस्वी तिची. एदेनच्या बागेत सगळे प्राणी बिनपायांचे आणि पाय आहेत ते एका सापाला! शेवटच्या भोजनाला शिष्य बारा हवेत, ते सातच. जागाच पुरली नसेल. त्यांचे अंगरखे पांढऱ्या ठिपक्याठिपक्यांच्या कापडाचे, फक्त विश्वासघातकी यहुदाचा मळकट रंगाचा. त्याने घेतलेली तीस चांदीची नाणी हिरव्या चिटाची आहेत. चांदीच्या रंगाचे कापड कुठून आणणार? होते ते लावले. सात ताऱ्यांमध्ये उभा असलेला सैतान तर इतका ऐटबाज आहे, की स्मिथला तो प्रथम फुटबॉलचा खेळाडू वाटला.

तिने हे कुठून आणले असेल, या प्रश्नावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या दाहोमीत, म्हणजे आजच्या बेनिनमध्ये, असेच आकार कातरून कापडावर शिवण्याची जुनी परंपरा आहे. ती गुलामांबरोबर समुद्र ओलांडून आली असावी, असे काहींचे म्हणणे आहे. साम्य दिसते खरे. पण हॅरिएटचे पूर्वज तिथलेच, असा पुरावा नाही. मला त्यापेक्षा साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. तिच्यापुढे नमुन्याचे पुस्तक नव्हते. देवळातली प्रवचने, स्वतः वाचलेले बायबल आणि म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टी, एवढेच तिचे भांडवल. आपण नमुना डोळ्यांनी शोधतो. तिने तो कानांनी शोधला.

याचा खरा पडताळा दुसऱ्या गोधडीत मिळतो. १८९५ मध्ये अटलांटा शहरात मोठे प्रदर्शन भरले, तिथे स्मिथने पहिली गोधडी ठेवली. ती पाहून अटलांटा विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या पत्नींनी हॅरिएटला दुसरी शिवायला सांगितली असे मानतात. १८९८ मध्ये ती त्या विद्यापीठाशी संबंध असलेल्या चार्ल्स कथबर्ट हॉल या धर्मोपदेशकाला भेट मिळाली. (हेच हॉलसाहेब पुढे १९०२-०३ मध्ये आपल्या देशात व्याख्याने द्यायला आले होते. गोधडी काही बरोबर आणली नसावी!)

या दुसऱ्या गोधडीत पंधरा चौकोन. बहुतेक बायबलमधलेच, पण त्यांच्यामधून मधून आकाश डोकावते. १९ मे १७८० रोजी अमेरिकेच्या ईशान्येला भरदिवसा काळोख पडला होता. वणव्यांच्या धुराने सूर्य झाकला गेला होता, असे आज समजले जाते. १३ नोव्हेंबर १८३३ च्या पहाटे उल्कांचा असा वर्षाव झाला, की जग संपले असे लोकांना वाटले. पहिली घटना हॅरिएटच्या जन्माच्या सत्तावन्न वर्षे आधीची, दुसरी चार वर्षे आधीची. म्हणजे दोन्ही तिने ऐकलेल्याच! गुलामांच्या खोपटांतून तोंडातोंडी चालत आलेली आठवण तिने सुईने बांधून ठेवली. स्वतः अनुभवलेली १८९५ ची थंडीही तिथे आहे: प्रार्थना करता करता गोठलेली बाई, दारूच्या बुधल्यापाशी गोठलेला माणूस, खेचराच्या श्वासाचे झालेले बर्फाचे सुळे. आणि एका चौकोनात बेट्स नावाची एक डुकरीण आहे. ही जॉर्जियाहून व्हर्जिनियापर्यंत पाचशे मैल पळत गेली म्हणे. व्हर्जिनिया उत्तरेला. उत्तरेकडे पळून जाणाऱ्या गुलामांची ही खूण असावी, असे काही अभ्यासकांना वाटते. तसे असेल तर तिने ते कोणाला न सांगता शिवले.

तिच्या संसाराचे शेवटचे पर्व मात्र सुखाचे नाही. १८९१ पासून जमीन तुकड्यातुकड्याने विकली जाऊ लागली. पुढे नवरा घर सोडून गेला. शिवणकामावर तिने आपले पोट भरले असावे. या काळातला तिचा एक फोटो आहे. त्यात ती ताठ उभी आहे आणि तिच्या कमरेच्या एप्रनवरही चांदण्यांसारखे आकार शिवलेले आहेत. फोटो काढायला जाताना अंगावर काय घालायचे, हे तिने ठरवूनच घातले असणार. १ जानेवारी १९१० रोजी ती वारली.

मग विस्मरण. पहिली गोधडी जेनी स्मिथच्या मृत्यूनंतर तिच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांकडे गेली आणि त्यांनी ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिली. दुसरी हॉल यांच्या मुलाकडून एका संग्राहकाने घेतली आणि १९६४ मध्ये ती बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात पोचली. पुष्कळ काळ सर्वांची समजूत अशी होती, की ही बाई निरक्षर होती. कारण स्मिथने तिचे बोलणे तसेच रंगवले होते. मग १८९६ चे ते पत्र उजेडात आले आणि समजूत खोटी ठरली. त्या पत्रात तिने आपल्या इतर गोधड्यांचीही माहिती दिली आहे; त्यांतली एक तर चार हजारांवर शंकरपाळ्याच्या आकाराच्या तुकड्यांची होती. चार हजार! आज त्यांतली एकही सापडत नाही. दोनच उरल्या. २००५ मध्ये अथेन्सच्या जुन्या दफनभूमीत झाडोऱ्यात तिच्या कबरीचा दगड सापडला. त्यावर तिचे नाव नवऱ्याच्या नावाशेजारी आहे.

२०२१ मध्ये बोस्टनच्या संग्रहालयाने एक प्रदर्शन भरवले, त्यात त्या दोन्ही गोधड्या पहिल्यांदाच एका ठिकाणी आल्या. पहिलीचा मूळचा गुलाबी रंग विटून तपकिरी झाला आहे.

माझ्या प्रदर्शनातल्या शिवणाचे काय झाले, असे कोणी विचारील. ते अपुरेच राहिले. मी आजीची उरलेली गोधडी काढून बसले होते. तिच्यात लुगड्याचे काठ आहेत, धोतराचे पान आहे, मधोमध एक निळ्या चौकटीचा तुकडा आहे. काठ कोणाच्या लुगड्याचे ते आईने ओळखले. निळ्या तुकड्यापाशी ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली की मोठ्या आत्यांना माहीत असेल. आत्यांना पत्र लिहिले आहे.