सोसोची बॅकस्टोरी

समजा, यंदाच्या एकांकिका स्पर्धेसाठी तुम्हाला एका मुलाची गोष्ट लिहायचीय. घरात त्याला सोसो म्हणतात. गाव गोरी, जॉर्जिया. तेव्हा तिथं रशियाच्या झारचं राज्य होतं. जन्म १८७८ चा. आधीची दोन भावंडं तान्हेपणीच गेलेली, त्यामुळे आईचा सगळा जीव या तिसऱ्यात.

पहिला प्रवेश घरातच घ्या. वडील बेसारियन चपला-बूट शिवणारे. हातात कला होती, पण दारूने घात केला. प्यायल्यावर बायकोला मारायचे, पोरालाही. आई केके लोकांची धुणी धुवायची, शिवणकाम करायची. सोसोला देवी आल्या, तो वाचला. पण चेहऱ्यावर व्रण राहिले. डावा हातही दुखापतीमुळे कायमचा अधू झाला. हे सगळं खरं आहे. चामड्याचा वास, रात्री दारावरची थाप आणि पांघरुणात श्वास रोखून पडलेला पोरगा, एवढं मात्र तुम्ही कल्पनेने भरायचं.

दुसऱ्या प्रवेशात आई-बापाची ओढाताण. आईला मुलाला पाद्री करायचंय. १८८८ मध्ये तिने त्याला चर्चच्या शाळेत घातलं. बापाला वाटतं, चांभाराचा मुलगा चांभारच व्हावा. तो त्याला सरळ उचलून तिफ्लिसला, म्हणजे आजच्या तिबिलिसीला घेऊन गेला आणि बुटांच्या कारखान्यात कामाला लावलं. केके गप्प बसली नाही. खटपट करून तिने मुलगा परत आणला, पुन्हा शाळेत बसवला. पोरगा हुशार निघाला. गळा गोड, चर्चमध्ये गायचा. १८९४ मध्ये तिफ्लिसच्या सेमिनरीत दाखल झाला. पुढच्याच वर्षी त्याच्या जॉर्जियन कविता छापून आल्या! पण सेमिनरीची शिस्त कडक. बंदी असलेली पुस्तकं चोरून वाचायची, पकडलं गेलं की शिक्षा भोगायची. त्यातच तो क्रांतिकारकांकडे वळला आणि १८९९ मध्ये सेमिनरी सुटली.

इथपर्यंत तुमचा प्रेक्षक सोसोच्या बाजूने असणार. कुणाच्या डोळ्यांत पाणीही येईल. आता त्याचं मोठेपणीचं नाव सांगा. जोसेफ स्टॅलिन.

हाच सोसो पुढे सोव्हिएत संघाचा सर्वेसर्वा झाला. १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेनमध्ये आणि इतरत्र लाखो माणसं अन्नावाचून मेली, तरी त्याच्या सरकारची धान्यवसुली थांबली नाही. १९३७-३८ या दोनच वर्षांत सरकारी नोंदींप्रमाणे ६ लाख ८० हजारांहून जास्त लोकांना मृत्युदंड दिला गेला. १९३७ मध्ये केके वारली, तेव्हा तो अंत्यविधीलाही गेला नाही.

आता गंमत बघा. १९३८ मध्ये मुलांसाठी पुस्तकं काढणाऱ्या सरकारी प्रकाशनाने त्याच्या बालपणाच्या गोष्टींचं पुस्तक तयार केलं. सगळं गोडगोड, कौतुकाचं. ते छापू नका, जाळून टाका, असा सल्ला खुद्द स्टॅलिननेच लेखी दिला. कारण काय, तर त्यात चुका आणि अतिशयोक्ती आहे, शिवाय त्याने व्यक्तिपूजा वाढेल! गावोगावी ज्याचे पुतळे उभे राहत होते, तो माणूस हे म्हणत होता. पुढच्या वर्षी मिखाईल बुल्गाकोव्हने त्याच्या तरुणपणावर नाटक लिहिलं. त्या कामासाठी नाटकमंडळी रेल्वेने जॉर्जियाला निघालीसुद्धा, पण वाटेतच तार आली आणि परत फिरावं लागलं. नाटक स्टॅलिनने थांबवलं होतं.

मला वाटतं, पुतळ्याला बालपण परवडत नाही. मार खाणारा, देवीच्या व्रणांचा पोरगा त्याला नको होता. मग आपण का लिहायचं? कारण तो सोसो होताच आणि त्याच्याबद्दल वाईट वाटणं गैर नाही. गैर काय, तर तिथेच पडदा पाडणं. दारुड्या बापाचा मार खाल्लेली मुलं गोरीत काय कमी होती? ती सगळी स्टॅलिन झाली नाहीत. बालपणाने जखम दिली. मोठेपणी सह्या केल्या त्या त्याने स्वतः.

म्हणून तिसरा प्रवेश विसरू नका. १९३७ मध्ये एक हुकूम निघाला. ज्यांना देशद्रोही ठरवलं त्यांच्या बायका छावण्यांत आणि मुलं अनाथालयांत. रात्री दारावर थाप पडली की ही मुलंसुद्धा पांघरुणात श्वास रोखून पडली असतील. फरक एवढाच की त्यांच्या सगळ्याच आयांना केकेसारखं मुलाला परत आणता आलं नाही. गोरीमधलं सोसोचं छोटंसं घर आज वर छत बांधून जपलंय, पर्यटक तिथं फोटो काढतात. या मुलांची बॅकस्टोरी कोण लिहिणार?

एकांकिका लिहाल तेव्हा रंगमंचावर त्यांच्यासाठी थोडी जागा ठेवा.