चार्ल्स स्टाइनमेट्झ : लोखंडातल्या उष्णतेचा हिशेब

१८८९ साली न्यूयॉर्क बंदरात उतरलेल्या चोवीस वर्षांच्या एका जर्मन तरुणाला अधिकारी परत पाठवायला निघाले होते. उंची जेमतेम चार फूट, पाठीला कुबड, खिसा रिकामा, इंग्रजी यथातथाच. सोबतच्या मित्राने त्याची जबाबदारी घेतली म्हणून कार्ल स्टाइनमेट्झ यांना अमेरिकेत पाऊल ठेवता आले.

त्यांचा जन्म ९ एप्रिल १८६५ रोजी ब्रेस्लाऊ (आता पोलंडमधले व्रोत्सवाफ) येथे झाला. पाठीचे कुबड आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून त्यांच्याकडे आले होते. समाजवादी चळवळीतल्या सहभागामुळे अटकेची वेळ आली, तेव्हा गणितातली डॉक्टरेट हाताशी आलेली असताना त्यांना देश सोडावा लागला.

अमेरिकेत रुडॉल्फ आयकेमेयर यांच्या कारखान्यात त्यांना काम मिळाले. त्या काळी ट्रान्सफॉर्मर तापतो हे सगळ्यांना ठाऊक होते. किती तापेल, हे मात्र तो बांधून झाल्यावरच कळे. प्रत्यावर्ती विजेची दिशा सतत पालटते, तसे गाभ्यातल्या लोखंडाचे चुंबकत्वही पालटावे लागते. लोखंड याला जरा नाखूशच असते, ते मागे रेंगाळते. या रेंगाळण्याला हिस्टेरेसिस म्हणतात. प्रत्येक आवर्तनात त्यापायी थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, आणि आपल्याकडच्या विजेत सेकंदाला ५० आवर्तने असतात!

स्टाइनमेट्झ यांनी मोजमापांच्या ढिगातून एक साधे सूत्र काढले आणि १८९२ मध्ये ते मांडले. ही हानी चुंबकीय घनतेच्या १.६ व्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे घनता दुप्पट केली, की हानी सुमारे तिप्पट. १.६ हा आकडा कुठल्या सिद्धान्तातून आला नव्हता, तो निव्वळ मोजणीतून निघाला होता. पण आता ट्रान्सफॉर्मरचा गाभा कागदावरच आखता येऊ लागला. नव्या पदार्थांसाठी घातांक बदलून हे सूत्र आजही वापरतात.

पुढे आयकेमेयर यांची कंपनी जनरल इलेक्ट्रिकने घेतली. तिथे, स्केनेक्टडीत, चार्ल्स प्रोटिअस या नव्या नावाने त्यांनी उरलेले आयुष्य काढले. कुबड पुढच्या पिढीत जाऊ नये म्हणून त्यांनी लग्न केले नाही. मुलांची आवड मात्र मोठी. अखेर आपला सहाय्यक जोसेफ हेडन याला पत्नीसह त्यांनी घरी राहायला आणले, रीतसर दत्तक घेतले, आणि तीन नातवंडांचे आजोबा झाले. २६ ऑक्टोबर १९२३ रोजी त्यांचे निधन झाले.