आंद्रे ल्वॉफ

आंद्रे मिशेल ल्वॉफ (८ मे १९०२ – ३० सप्टेंबर १९९४) हे फ्रेंच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. विषाणूची जनुके यजमान पेशीत पिढ्यान्‌पिढ्या सुप्त राहू शकतात आणि ठरावीक परिस्थितीत पुन्हा जागी होतात, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. या कार्यासाठी त्यांना १९६५ साली फ्रांस्वा जाकोब आणि जाक मोनो यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

== प्रारंभिक जीवन ==

ल्वॉफ यांचा जन्म मध्य फ्रान्समधील एने-ल-शातो या गावी झाला. आईवडील रशियन साम्राज्यातून फ्रान्समध्ये स्थायिक झालेले ज्यू होते. वडील मनोरुग्णालयात डॉक्टर, तर आई शिल्पकार होत्या. चित्रकलेची आवड ल्वॉफ यांनीही आयुष्यभर जपली.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १९२१ साली, ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. प्राणिशास्त्रज्ञ एदुआर शातों यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी आदिजीवांचा अभ्यास सुरू केला आणि उन्हाळ्यात ते ब्रिटनी किनाऱ्यावरील रोस्कॉफ येथील सागरी केंद्रात काम करीत. १९२५ साली त्यांचा विवाह मार्गरित बूर्दालेक्स यांच्याशी झाला. मार्गरित याही सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होत्या आणि पतीच्या अनेक शोधनिबंधांत त्यांचा बरोबरीचा वाटा होता. पारितोषिकांच्या यादीत मात्र त्यांचे नाव आढळत नाही.

== पोषणविषयक संशोधन ==

ल्वॉफ यांनी १९२७ साली वैद्यकशास्त्राची आणि १९३२ साली विज्ञानाची डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या शिष्यवृत्तीवर ते हायडेलबर्ग येथे ओटो मायरहोफ यांच्या प्रयोगशाळेत आणि पुढे केंब्रिजला डेव्हिड कीलिन यांच्याकडे गेले. काही सूक्ष्मजीवांना वाढीसाठी लागणारे पदार्थ नेमके कोणते, हा त्यांचा प्रश्न होता. हिमोफिलस इन्फ्लुएन्झा या जीवाणूला लागणारा एक अज्ञात घटक म्हणजे पेशीतील नेहमीचे सहविकर एनएडी होय, असे ल्वॉफ दांपत्याने दाखवले. माणसाला जी जीवनसत्त्वे लागतात तशीच गरज सूक्ष्मजीवांनाही असते आणि पेशीचे रसायनशास्त्र सर्वत्र बरेचसे सारखे असते, ही कल्पना अशा कामातून दृढ झाली. १९३८ साली पाश्चर संस्थेत सूक्ष्मजीव शरीरक्रियाशास्त्र विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. हा विभाग इमारतीच्या पोटमाळ्यावर होता.

== युद्धकाळ ==

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने फ्रान्स व्यापल्यावर ल्वॉफ प्रतिकार चळवळीत सामील झाले. त्यांनी गुप्त माहिती गोळा केली आणि शत्रूप्रदेशात उतरलेल्या अमेरिकन वैमानिकांना स्वतःच्या घरात लपवले. चळवळीतच असलेले जाक मोनो यांना सोर्बोनमध्ये काम करणे धोक्याचे झाले, तेव्हा ल्वॉफ यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत जागा दिली.

याच संस्थेत युजेन आणि एलिझाबेथ वोलमन हे दांपत्य जीवाणुभक्षी विषाणूंवर काम करीत होते. काही जीवाणू बाहेरून निरोगी दिसतात, तरी त्यांच्या संवर्धनात विषाणू सापडत राहतात. या घटनेला लायसोजेनी म्हणतात. विषाणूची एक संसर्गजन्य आणि एक असंसर्गजन्य अवस्था असावी, असे वोलमन दांपत्याचे मत होते. ते ज्यू असल्याने डिसेंबर १९४३ मध्ये त्यांना अटक होऊन आउश्वित्झला पाठवण्यात आले. तेथून दोघेही परतले नाहीत. त्यांचे काम अर्धवट राहिले आणि लायसोजेनी हा विषयच मागे पडला. अमेरिकेत माक्स डेलब्र्युक यांच्यासारख्या प्रभावी संशोधकांना तर ही घटना म्हणजे संवर्धनातील भेसळ वाटत होती. ल्वॉफ यांनी पुढे हाच विषय हाती घेतला. वोलमन यांचे पुत्र एली हेही नंतर त्यांच्या विभागात काम करू लागले.

== लायसोजेनीचा शोध ==

१९४९ साली ल्वॉफ यांनी आंत्वानेत गुटमान यांच्यासोबत बॅसिलस मेगाटेरियम या जीवाणूवर प्रयोग सुरू केले. हा जीवाणू आकाराने मोठा असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली सहज दिसतो. लाखो पेशींच्या संवर्धनात भेसळीची शंका कधीच पूर्ण दूर होत नाही, म्हणून त्यांनी एकच जीवाणू घेऊन तो द्रवाच्या एका सूक्ष्म थेंबात ठेवला. त्याचे विभाजन झाले की एक कन्यापेशी नव्या थेंबात हलवायची आणि जुन्या थेंबातील द्रवात विषाणू आहे का ते तपासायचे, अशी ही पद्धत होती. सलग १९ विभाजनांपर्यंत द्रवात विषाणू आढळला नाही, तरीही त्या वंशातील पेशी लायसोजेनिकच राहिल्या. म्हणजे विषाणू निर्माण करण्याची क्षमता बाहेरून येत नव्हती. ती पेशीबरोबर वारशाने जात होती. कधीतरी एखादी पेशी फुटे आणि तिच्यातून एकाच वेळी अनेक विषाणू बाहेर पडत. पेशीतील या सुप्त रूपाला ल्वॉफ यांनी प्रोफाज असे नाव दिले.

प्रोफाज केव्हा जागा होतो, हा पुढचा प्रश्न अधिक कठीण ठरला. पोषणातील अनेक बदल करूनही काही निष्पन्न होत नव्हते. अखेर १९५० साली लुई सिमिनोविच आणि निल्स केल्डगार्ड यांच्यासह त्यांनी संवर्धनावर अल्पकाळ अतिनील किरण सोडले. जीवाणू काही वेळ वाढत राहिले आणि मग तासाभरात जवळजवळ सगळे फुटून गेले. गढूळ नळी स्वच्छ झाली. या घटनेला प्रवर्तन असे नाव मिळाले. त्याच सुमारास युद्धात जखमी झाल्याने शल्यचिकित्सा सोडावी लागलेले फ्रांस्वा जाकोब पोटमाळ्यावर रुजू झाले आणि प्रोफाजवरच काम करू लागले. पोटमाळ्याच्या दुसऱ्या टोकाला मोनो जीवाणूतील विकरांच्या निर्मितीचा अभ्यास करीत होते. दोन्ही ठिकाणी जनुके बंद ठेवणारे दमनकारी प्रथिन काम करते, हे पुढे जाकोब आणि मोनो यांच्या लक्षात आले. १९६१ सालची ओपेरॉनची संकल्पना त्यातून आकाराला आली.

== प्रवर्तनाची रेणवीय यंत्रणा ==

ल्वॉफ यांनी पाहिलेल्या घटनेचे रेणवीय स्पष्टीकरण पुढे एस्थर लेडरबर्ग यांनी शोधलेल्या लॅम्डा विषाणूच्या अभ्यासातून मिळाले. सुप्तावस्थेत या विषाणूचे सीआय नावाचे प्रथिन डीएनएवर बसून बाकीची विषाणूजनुके बंद ठेवते. मार्क टॅशने यांनी ते १९६७ साली वेगळे केले. अतिनील किरणांनी जीवाणूच्या डीएनएला इजा झाली की जीवाणूचे स्वतःचे रेकए हे प्रथिन सक्रिय होते. त्याच्या सान्निध्यात सीआय स्वतःच तुटते आणि विषाणूची जनुके खुली होतात. पेशीने स्वतःच्या डीएनए-दुरुस्तीसाठी दिलेला संकटाचा इशारा विषाणू पळ काढण्याची सूचना म्हणून वापरतो.

यजमानावरील हे अवलंबित्व येथेच थांबत नाही. विषाणूचे एन हे प्रथिन जीवाणूच्या नसए, नसबी, नसजी या प्रथिनांच्या आणि रायबोसोमच्या एस१० या घटकाच्या मदतीने आरएनए पॉलिमरेजला थांब्याच्या खुणा ओलांडायला लावते. विषाणूच्या सीआयआय या प्रथिनाचा टिकाव जीवाणूच्या एफटीएसएच या प्रथिनभंजक विकरावर अवलंबून असतो, आणि सुप्त व्हायचे की पेशी फोडायची हा निर्णय बऱ्याच अंशी त्यावर ठरतो. एचआयव्हीचे टॅट हे प्रथिनही मानवी पेशीतील सायक्लिन टी१ हा घटक वापरून विषाणूच्या जनुकांचे वाचन पुढे रेटते. त्यामुळे उपचारानंतरही पेशींत दडून राहणाऱ्या एचआयव्हीचा विचार करताना प्रोफाजची तुलना वारंवार केली जाते.

== उत्तरायुष्य ==

१९५० च्या दशकाच्या मध्यापासून ल्वॉफ पोलिओच्या विषाणूकडे वळले. तापमानाचा विषाणूच्या वाढीवर आणि तीव्रतेवर होणारा परिणाम त्यांनी अभ्यासला. १९५७ साली त्यांनी विषाणूची काटेकोर व्याख्या मांडली. विषाणूत एकाच प्रकारचे न्यूक्लिइक आम्ल असते आणि तो स्वतः विभाजित होऊ शकत नाही, हे तिचे मुख्य निकष होते. १९६२ साली रॉबर्ट हॉर्न आणि पॉल तूर्निए यांच्यासह त्यांनी विषाणूंच्या वर्गीकरणाची पद्धत सुचवली.

१९५९ पासून ते सोर्बोन येथे प्राध्यापक होते. १९६८ साली पाश्चर संस्था सोडून ते विलज्विफ येथील कर्करोग संशोधन संस्थेचे संचालक झाले आणि १९७२ पर्यंत त्या पदावर राहिले. फ्रान्समधील कुटुंबनियोजन चळवळीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. १९७९ साली मार्गरित यांचे निधन झाले. आंद्रे ल्वॉफ यांचे ३० सप्टेंबर १९९४ रोजी पॅरिस येथे निधन झाले.

== सन्मान ==

नोबेल पारितोषिकाखेरीज त्यांना १९६० साली लेवेनहूक पदक मिळाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने १९५८ साली त्यांना परदेशी सदस्य म्हणून निवडले होते. प्रतिकार चळवळीतील कार्याबद्दल फ्रेंच सरकारने त्यांना पदक दिले.